बेडकाची कातडी आणि आपलं पाणी

जोयडा तालुक्याला इथली जुनी माणसं अजून सुपा तालुकाच म्हणतात. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं मूळ सुपा गाव ऐंशीच्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या धरणाच्या परिसरात, आजूबाजूला रान आणि ओहोळ असताना, मी घरात काचेच्या टाकीत बेडूक पाळते, याचं अनेकांना नवल वाटतं. माझे बेडूक इथले नाहीत. ते आफ्रिकेतले, जन्मभर पाण्यातच राहणारे: नखांचे झेनोपस आणि अंगठ्याएवढे बुटके हायमेनोकायरस. मत्स्यालयांच्या दुकानांत मिळतात ते हेच. त्यांच्या कातडीनं मला जे शिकवलं, ते पाणी वापरणाऱ्या कुणालाही सांगावंसं वाटतं.

१. बेडूक कातडीवर जगतो, हे पुस्तकात वाचून कळतं. पटतं मात्र तो आजारी पडल्यावर. तो तोंडानं पाणी पीत नाही, पाणी कातडीतून आपसूक आत शिरतं. फुप्फुसं आहेत, श्वासासाठी तो वर येतो, पण वायूंची बरीच देवघेव कातडीतूनच चालते. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड हे क्षारही तिथूनच आत-बाहेर होतात. आपल्याला खरूज झाली तर खाज येते, आपण मलम लावतो आणि कामाला लागतो. बेडकाची कातडी बिघडली की त्याचा श्वास, त्याचं पाणी आणि त्याच्या रक्तातला समतोल असं सगळंच एकदम डळमळतं. म्हणून त्याच्या अंगावरचा बारीकसा डागही मी कधी ‘वरवरचा’ मानत नाही. हा प्राणी ज्या पाण्यात बसला आहे ते पाणी त्याच्या आतही आहे, एवढं मनात ठसलं की उपचारांची दिशा आपोआप सापडते.

२. अंगावरून सुटणारी प्रत्येक पापुद्र्याची चिंधी हा आजार नसतो. निरोगी बेडूक ठरावीक दिवसांनी कात टाकतो आणि बहुतेक वेळा ती स्वतःच खाऊन टाकतो. प्रथम पाहिलं तेव्हा मी थक्क झाले होते. तो अंग ताणतो, पुढच्या पायांनी पापुद्रा तोंडाकडे ओढतो, गिळतो आणि थोड्याच वेळात खालून तुकतुकीत नवी कातडी घेऊन पोहू लागतो. काळजीची लक्षणं वेगळी आहेत. पापुद्रे तुकड्यातुकड्यांनी सुटतात आणि दिवसेंदिवस अंगाला लोंबत राहतात. कातडी ढगाळ, राखाडी किंवा खरखरीत दिसते. बेडूक खाणं सोडतो, कोपऱ्यात बसून राहतो, धक्का लागला तरी उशिरा हलतो. झेनोपसच्या पाठीची कातडी खडबडीत होऊन सतत सोलत असेल, तर कातडीत राहणारा एक सूक्ष्म जंतही कारण असू शकतो. त्यावर जंताचंच औषध लागतं, बुरशीचं नव्हे. झेनोपसच्या अंगावर दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारख्या बारीक रेषा दिसतात. पाण्यातली हालचाल टिपणारी ती इंद्रियं आहेत. नवख्या माणसाला त्या जखमा वाटतात. निरोगी बेडूक रोज निवांत पाहणं हा निदानाचा पाया आहे, कारण नेहमीचं काय ते ठाऊक असल्याशिवाय वेगळं काय ते दिसत नाही.

३. बेडकाला हात लावण्याआधी पाणी तपासायचं, हा क्रम मी कधी मोडत नाही. घरी साधं टेस्ट किट ठेवलं आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. थोडेही दिसले तरी कातडीची आग होते आणि जंतूंना दार उघडं मिळतं. नवी टाकी भरल्यावर तिच्यात घाण पचवणारे जिवाणू रुजायला काही आठवडे जातात, तोवर बेडूक घाईनं आणू नये. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तर त्यातला क्लोरीन बराच उडून जातो. पण पाण्यात क्लोरॅमिन वापरलं असेल तर ते असं उडत नाही, त्यासाठी क्लोरीननाशक द्रावणच लागतं. आमच्याकडे बहुतेकांचं पाणी विहिरीचं किंवा झऱ्याचं, आणि पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर पडते. माणसांच्या आरोग्यासाठी ते योग्यच आहे. बेडूक पाळणाऱ्यानं मात्र पावडर कधी पडली ते शेजारीपाजारी विचारून ठेवावं. दुसरी गोष्ट तांब्याची. घागरीत साठवलेलं पाणी आपण आरोग्यदायी मानतो, पण पाण्यात उतरलेलं तांबं बेडकांना विषारी असतं. त्यांचं पाणी प्लास्टिकच्या स्वच्छ बादलीतच भरायचं, आणि ती बादली साबणासाठी वापरायची नाही.

४. प्रत्येक बेडकाचं पाणी वेगळं. आमच्या डोंगरातले रातबेडूक वाहत्या ओहोळांत, ओल्या दगडांवर राहतात. झेनोपस हा डबक्यांतला, संथ पाण्यातला जीव. जोरदार धारेचा फिल्टर लावला तर ती सततची थरथर त्याच्या अंगावरच्या इंद्रियांना सोसावी लागते; तो अस्वस्थ होतो आणि अस्वस्थ बेडकाची प्रतिकारशक्ती खचते. म्हणून मी स्पंजचा मंद फिल्टर वापरते. तापमानाचंही तसंच. झेनोपसला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं, बुटक्या हायमेनोकायरसला थोडं जास्त, २२ ते २६ पर्यंत. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री गारठतात आणि एप्रिलच्या दुपारी काच तापते, तेव्हा टाकी भिंतीच्या कुठल्या बाजूला ठेवली आहे यालाही महत्त्व येतं. दोन्ही जाती एका टाकीत ठेवू नयेत. पाण्याची गरज वेगळी हे एक कारण, आणि मोठा झेनोपस बुटक्याला गिळतो हे दुसरं.

५. लाल झालेले पाय हा निरोप असतो, पूर्ण निदान नव्हे. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटाखाली लाली पसरते, कधी बारीक रक्ताचे ठिपके उमटतात. पाळणारे याला लाल पायाचा रोग म्हणतात. एरोमोनाससारखे पाण्यातले जिवाणू रक्तात शिरल्यावर असं होतं. पण हे जिवाणू चांगल्या पाण्यातही असतातच. गर्दी, अस्वच्छता, जखम, तापमानातला धक्का यांनी बेडूक खचला की त्यांना संधी मिळते. बुरशीच्या किंवा विषाणूच्या आजारातही अशीच लाली दिसू शकते. पांढऱ्या-गुलाबी अल्बिनो झेनोपसचे पाय मुळातच गुलाबी असतात, म्हणून मी प्रत्येकाचे निरोगी असतानाचे फोटो जपून ठेवते आणि शंका आली की ताजा फोटो शेजारी लावून पाहते. लाली खरी असेल तर बेडूक वेगळा करायचा, पाणी बदलायचं आणि पशुवैद्याला गाठायचं. प्रतिजैविक कोणतं आणि किती, हे त्यांनीच ठरवावं. आसपासच्या डॉक्टरांकडे गाई-म्हशी आणि कुत्री येतात, बेडूक क्वचितच. अशा वेळी पाण्याच्या तपासणीचे आकडे, तापमान, खाण्याची नोंद आणि स्पष्ट फोटो एका कागदावर लावून दिले, तर अनोळखी रुग्णाकडेही डॉक्टर आस्थेनं पाहतात, हा माझा अनुभव आहे.

६. कापसासारखा पुंजका दिसला की बुरशी ओळखणं सोपं असतं, तिच्यामागची जखम शोधणं अवघड. सॅप्रोलेग्नियासारखी पाणबुरशी सहसा धडधाकट कातडीवर रुजत नाही. ती मेलेल्या किंवा सोललेल्या पेशींवर बसते. मग शोध घ्यायचा: टाकीत टोकदार खडी आहे का, सजावटीच्या दगडाला धार आहे का, एखादा मासा कुरतडतो आहे का, जाळीनं पकडताना अंग घासलं का. कारण तसंच राहिलं तर औषधानं गेलेली बुरशी परत येते. माशांसाठी मिळणारी औषधं बेडकांवर बिनधास्त वापरू नयेत. मॅलॅकाइट ग्रीन, फॉर्मालिन, तांब्याची द्रावणं माशाला एक वेळ सोसतील; बेडकाची कातडी ती थेट आत घेते. मिठाचं स्नानसुद्धा जातीनुसार आणि प्रमाणानुसारच द्यायचं असतं. मी आजाऱ्यासाठी वेगळा प्लास्टिकचा टब ठेवते. तळ मोकळा, लपायला मऊ कडांचं एखादं भांडं, तेच तापमान, पाणी रोज बदललेलं. पुष्कळदा अर्धा उपचार इथेच होतो.

७. सगळ्यांत घातक बुरशी डोळ्यांना दिसत नाही. तिचं नाव बॅट्राकोकिट्रियम डेंड्रोबॅटिडिस. सोयीसाठी कायट्रिड म्हणू. १९९८ मध्ये ती बेडकांच्या सामूहिक मृत्यूंमागे असल्याचं उघड झालं आणि १९९९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. ती कातडीच्या वरच्या थरात राहते. एवढ्याशा थरातली बुरशी अख्खा बेडूक कशी मारते, हे कोडं २००९ मध्ये सुटलं: कातडीतून क्षारांची ये-जा बिघडते, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ च्या एका जागतिक अभ्यासानुसार या रोगामुळे उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्या असाव्यात. हे आकडे वाचून मी बराच वेळ टाकीसमोर बसून राहिले होते. लक्षणं फसवी असतात: सुस्ती, भूक जाणं, वारंवार सुटणारे पापुद्रे, पाय पसरून विचित्र बसणं. खात्री होते ती कापसाच्या बोळ्यानं कातडी पुसून केलेल्या पीसीआर तपासणीनं. उपचार आहे. इट्राकोनॅझोलच्या ०.०१ टक्के द्रावणात रोज पाच मिनिटं, सलग ११ दिवस, ही जुनी रूढ पद्धत. पुढच्या अभ्यासांत त्याहून सौम्य द्रावणही पुरलं. बेडूकमाशांना मात्र हे औषध बाधू शकतं, म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. आणि टाकी, जाळी, फिल्टर त्याच वेळी निर्जंतुक केले नाहीत, तर बरा झालेला बेडूक पुन्हा त्याच बुरशीत जाऊन बसतो. ही बुरशी १७ ते २५ अंशांत जोमानं वाढते. आमच्या पावसाळ्यातलं घरातलं पाणी नेमकं तेवढंच असतं, त्यामुळे त्या महिन्यांत माझी नजर जास्त जागी असते.

८. तुकतुकीत दिसणारा बेडूक रोगाचा वाहक असू शकतो, हे झेनोपसचा इतिहास वाचल्यावर मला उमगलं. १९३० च्या दशकात हा बेडूक जगभर गेला तो गर्भधारणेच्या चाचणीसाठी. स्त्रीच्या लघवीचं इंजेक्शन मादीला द्यायचं. ती स्त्री गरोदर असेल तर काही तासांत मादी अंडी घालायची. पुढे चाचण्या बदलल्या, बेडूक मात्र प्रयोगशाळांत आणि घरांत राहिले. दक्षिण आफ्रिकेतल्या एका संग्रहालयात १९३८ सालच्या झेनोपसच्या नमुन्यात कायट्रिड सापडली आहे. हा बेडूक ती बुरशी अंगावर वागवतो आणि पुष्कळदा स्वतः आजारी पडत नाही. कोरियातल्या बेडकांवरच्या या बुरशीच्या वंशावळीवरून २०१८ मध्ये असं दिसलं की तिचं मूळ पूर्व आशियात असावं आणि ती पसरली ती माणसांच्या प्राण्यांच्या व्यापारातून. म्हणून नवा बेडूक आणला की दीड-दोन महिने तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीनं. आधी जुन्यांना खाऊ घालायचं, मग नव्याला, आणि हात धुऊन मगच पुन्हा जुन्यांकडे. दुकानातला प्राणी चांगला दिसतो यावर विसंबायचं नाही.

९. बेडकाच्या कातडीचं स्वतःचं औषधघर असतं, आणि आपली अतिस्वच्छता ते उद्ध्वस्त करू शकते. अमेरिकेत संशोधक मायकेल झॅस्लॉफ यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रियेनंतर साध्या, जंतूंनी भरलेल्या पाण्यात सोडलेल्या झेनोपसच्या जखमा चिघळत नाहीत. त्या निरीक्षणातून १९८७ मध्ये त्याच्या कातडीतली मॅगेनिन नावाची जंतुनाशक प्रथिनं जगापुढे आली. सह्याद्रीतही असं धन आहे. पुण्याच्या संशोधकांनी इतरांसोबत २०१५ मध्ये हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाचं वर्णन केलं. २०१७ मध्ये त्याच्या कातडीतल्या स्रावात फ्लूच्या काही विषाणूंना मारणारा युरुमिन हा घटक सापडला. कातडीवरच्या जिवाणूंचंही एक संरक्षक कवच असतं. म्हणून टाकीतलं सगळं पाणी एकदम बदलणं, बेडूक हातानं चोळून ‘स्वच्छ’ करणं, प्रतिबंध म्हणून उगाच औषध घालणं हे मी करत नाही. कातडीवर कधी अगदी अनपेक्षित जीवही दिसतो. जून २०२३ मध्ये कार्कळजवळ माळा इथे, कुद्रेमुखच्या पायथ्याशी, निसर्ग अभ्यासकांना रस्त्याकडेच्या डबक्यात एक सोनेरी पाठीचा बेडूक दिसला. त्याच्या कुशीतून चक्क लहानसं अळंबं उगवलं होतं, आणि बेडूक जिवंत होता. अभ्यासकांनी त्याला पकडलं नाही, फक्त फोटो घेतले. त्याचं पुढे काय झालं कुणाला कळलं नाही, पण त्या फोटोनं माझी एक खात्री मोडली: बेडकाच्या कातडीवर काय जगू शकतं याची यादी अजून कुणाकडेही पूर्ण नाही. निदान करताना तेवढी जागा मोकळी ठेवलेली बरी.

१०. उपचार करणारा हातही तपासायचा असतो. कोरड्या हातानं बेडकावरचा चिकट थर निघतो, म्हणून हात ओले हवेत, तेही क्लोरीन नसलेल्या पाण्यानं. आमच्या भागात संध्याकाळी डासांपासून वाचायला अंगाला मलम लावतात. ते, सॅनिटायझर किंवा साबणाचा अंश कातडीतून सरळ बेडकाच्या अंगात जातो. पावडर नसलेले हातमोजे ओले करून घातले की दोघांचंही रक्षण होतं. दोघांचं म्हणजे आपलंही. २००८ ते २०११ या काळात अमेरिकेत पाळीव बुटक्या आफ्रिकी बेडकांमुळे साल्मोनेलाची लागण झाली आणि रुग्णांत मुलांची संख्या मोठी होती. माणसाला बाधणारे काही जिवाणू हाताच्या जखमेतूनही शिरतात. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या मोरीत ओतायचं नाही, काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे आणि मुलांनी बेडूक पाहायचा तो काचेतून. काचेतूनही माया करता येते, हे आमच्या घरातल्या मुलांना मोठ्यांच्या आधी कळलं.

११. बेडकाचा उपचार टाकीत संपत नाही; तो बादलीतलं पाणी आपण कुठे ओततो तिथे संपतो. सुपा तालुक्यात राहून हे विसरता येत नाही. आमच्याच तालुक्यातल्या कॅसलरॉकवरून एका रातबेडकाला नाव मिळालं आहे: निक्टिबॅट्राकस पेट्रेअस. इंद्रनील दास आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ मध्ये त्याचं वर्णन केलं. पश्चिम घाटाच्या एवढ्याशा पट्ट्यातले असे कितीतरी बेडूक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. २०१३ मध्ये नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ बेडकांवर कायट्रिडचा आशियाई वाण नोंदवला. ऑस्ट्रेलिया किंवा मध्य अमेरिकेसारखी बेडकांची सामूहिक मर इथे दिसलेली नाही. इथले बेडूक आणि इथली बुरशी यांनी एकमेकांशी काही जुळवून घेतलं असेलही. पण परदेशातून आलेला वेगळा, अधिक मारक वाण त्यांच्यात सोडण्याचा हक्क कुणालाच नाही. २०२३ च्या जागतिक पाहणीप्रमाणे उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटात आहेत. त्यांच्यावर अजून एक ओझं माझ्या मोरीतून जाता कामा नये.

म्हणून आजारी बेडकाच्या टबातलं पाणी मी उकळते. ६० अंशांवर पाच मिनिटांत कायट्रिड बुरशी मरते, उकळल्यावर शंकाच उरत नाही. मोठ्या टाकीचं पाणी ब्लीच घालून रात्रभर ठेवते आणि ओहोळापासून दूर, उन्हातल्या मातीत जिरवते. जाळ्या आणि भांडी पूर्ण कोरडी करते, कारण कोरडेपणा तिला सोसत नाही. ओहोळातला दगड, शेवाळ किंवा पाणवनस्पती शोभेसाठी टाकीत आणत नाही, आणि इथला रानबेडूक तर नाहीच. आपल्या मोठ्या भारतीय बेडकाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कंटाळा आला म्हणून झेनोपस तळ्यात सोडणारे लोक जगभर झाले. चिली, फ्रान्स, सिसिली इथे त्याच्या वस्त्या पसरल्या आणि स्थानिक जिवांना जड झाल्या. पाळणं जमत नसेल तर बेडूक दुसऱ्या जबाबदार पाळणाऱ्याला द्यावा.

एवढं करूनही एखादा बेडूक हातचा जातो. त्याची टाकी धुताना वाईट वाटतंच, आणि वाटावं. पण दर वेळी कळतं ते हेच की त्याच्या कातडीची काळजी घेताना आपण पाण्याची काळजी घ्यायला शिकतो, आणि आमच्या तालुक्यात एका घरचं पाणी दुसऱ्या घरापर्यंत, ओहोळापर्यंत आणि शेवटी काळीपर्यंत पोहोचतंच. बेडूक पाळायचे असतील तर त्या सगळ्या वाटेची जबाबदारी घेऊनच पाळावेत.